सही आली, पुढे काय?

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातलं सुपे गाव, बाजाराचा दिवस. आजूबाजूच्या गावांतले शेतकरी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर, घरांवर चालून गेले. शाळेत आपण हे 'दख्खनचे दंगे' म्हणून दोन मार्कांपुरतं पाठ केलेलं असतं. त्यातली एक गोष्ट मात्र बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. या लोकांना मुख्यतः कागद हवे होते. कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या. सुप्यात लुटालूट झाली हे खरं, पण पुढे हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावोगावी पसरलं तेव्हा पुष्कळ ठिकाणी एकच रीत दिसली. सावकाराने निमूटपणे कागद काढून दिले, तर त्यांची होळी करायची आणि घरी जायचं. नाही दिले, तरच पुढचा दंगा.

कागदावर एवढा राग का होता? कारण त्या कागदात काय लिहिलंय हे तो करून देणाऱ्यालाच माहीत नसायचं. १८५९ च्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली होती. हेतू चांगला होता, कर्जावरचं व्याज वर्षानुवर्षं साठत राहू नये हा. सावकारांनी त्यावर तोड काढली. तीन वर्षं भरत आली की जुनं मुद्दल आणि चढलेलं व्याज एकत्र करून नवा रोखा लिहायचा, म्हणजे व्याजाचंच मुद्दल होतं. शेतकऱ्याने खाली निशाणी करायची, की झालं. आजच्या भाषेत सांगायचं तर दर तीन वर्षांनी अटी-शर्ती बदलायच्या आणि गिऱ्हाइकाने न वाचता 'मान्य आहे'चं बटण दाबायचं. फरक एवढाच की आपल्याला वाचता येतं आणि आपण वाचत नाही.

ही 'निशाणी' म्हणजे पूर्वी अंगठा नव्हता. जुन्या मराठी कागदपत्रांत लिहिता न येणाऱ्या माणसाच्या नावापुढे त्याच्या कामाचं चिन्ह काढलेलं सापडतं. पाटलाचा, कुणब्याचा नांगर. ज्याच्या हातात लेखणी होती त्या कुलकर्ण्याची निशाणी लेखणीच. अक्षर येत नसलं तरी नांगर हा माणसाचा अभिमान होता, त्याची ओळख होती. अंगठा नंतर आला, तोही इंग्रजी कचेरीतून. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल नावाच्या अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराकडून करारावर हाताचा ठसा घेतला, आणि १८७७ मध्ये हुगळीला पेन्शनर आणि खरेदीखतं यांच्यासाठी बोटांचे ठसे सुरू केले. हळूहळू 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा' हे शब्द मराठी दस्तऐवजांत कायमचे जाऊन बसले. नांगर सांगायचा की मी कोण आहे. अंगठा एवढंच सांगतो की मी तोच आहे.

सुप्याच्या दंग्यानंतर सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा केला. त्यातली एक तरतूद मला फार रोचक वाटते. शेतकऱ्याचा रोखा यापुढे गावच्या निबंधकाच्या देखरेखीखाली लिहिला जावा, म्हणजे शेतकरी कशाला बांधून घेतोय हे त्याला कळेल, अशी ही सोय होती. थोडक्यात, शेतकऱ्याला वाचता येत नाही ना, मग त्याच्या वतीने समजून घेणारा एक सरकारी माणूस देऊ. हा एक मार्ग झाला. आणि तो वाईट होता असंही नाही.

दुसरा मार्ग पुण्यात चोवीस वर्षं आधीच सुरू झाला होता. १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी आपल्या घरात शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबणाऱ्या स्त्री-पुरुषांनी रात्री येऊन शिकायचं. मुलींची १८४८ ची शाळा सगळ्यांना माहीत असते, तिच्यावर पोस्टर निघतात. रात्रशाळेला तेवढं भाग्य लाभलं नाही. त्याच वर्षी जोतीरावांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिलं. एका कुणबी जोडप्याला भटजी कसं नाडतो याची ती गोष्ट, आणि ती संपते ते दोघं नवरा-बायको फुल्यांच्या रात्रशाळेत जायचं ठरवतात तिथे. नाटकाच्या शेवटी स्वतःच्या शाळेची जाहिरात! आज असं कुणी केलं तर आपण नाक मुरडू. पण १८५५ मध्ये मोठ्या माणसाने शिकायला जावं ही कल्पनाच लोकांच्या गळी उतरवायची होती, आणि त्यासाठी नाटकाइतकं सोपं माध्यम दुसरं नव्हतं.

या दोन मार्गांमधली ओढाताण मला पुढच्या सगळ्या इतिहासात दिसते. माणसाच्या वतीने कुणी वाचून दाखवावं, की माणसाला वाचायला शिकवावं? आणि शिकवायचं ठरलं, तर कुठपर्यंत शिकवलं म्हणजे काम झालं?

हे सगळं मी का वाचत बसलो ते सांगतो. दिवसा मी ऐरोलीत सॉफ्टवेअर लिहितो. तीन वर्षांपासून कोपरखैरण्यातल्या एका छोट्या साक्षरता संस्थेच्या विश्वस्त मंडळावर आहे. मंडळ म्हटलं की मोठं काहीतरी वाटतं. प्रत्यक्षात आम्ही पाच-सहा जण आहोत. अध्यक्ष जिल्हा परिषदेच्या निवृत्त शिक्षिका, त्यांना आम्ही सगळे 'बाई' म्हणतो. खजिनदार आयुष्यभर बँकेत काढलेले एक काका. मला घेतलं ते कॉम्प्युटर येतो म्हणून. माझं मुख्य काम म्हणजे वर्षाअखेरीस अहवालातले आकडे जमवणं. देणगीदारांच्या फॉर्मात एक रकाना हमखास असतो, 'या वर्षी साक्षर झालेल्या प्रौढांची संख्या'. तो भरताना पहिल्यांदा प्रश्न पडला की साक्षर 'झालेला' म्हणजे नेमका कोण?

जनगणनेची व्याख्या एका वाक्याची आहे. सात वर्षं किंवा त्याहून मोठ्या वयाची व्यक्ती कोणत्याही भाषेत समजून वाचू-लिहू शकत असेल, तर ती साक्षर. गणना करणारा घरोघरी विचारतो, घरातलं कुणीतरी सांगतं, तो लिहून घेतो. परीक्षा घेत नाही, घेऊही शकत नाही. या हिशेबाने १९५१ मध्ये देशात शंभरातले जेमतेम १८ जण साक्षर होते. २०११ मध्ये महाराष्ट्राचा आकडा ८२.३४ टक्के, बायकांचा ७५.८७. चढत जाणारी रेघ आहे आणि तिचा अभिमान वाटायलाच हवा. पण ही रेघ वर नेली ती मुख्यतः मुलांच्या शाळांनी. मोठ्या माणसांना शिकवण्याचा इतिहास असा सरळ वर चढत नाही. तो लाटांसारखा आहे. लाट येते, फेस दिसतो, ओसरते, आणि वीसेक वर्षांनी पुढची लाट जणू आधी काही झालंच नव्हतं अशा थाटात येते.

मुंबईतल्या लाटेबद्दल थोडक्यात. गिरण्यांच्या शहरात रात्रशाळा एकोणिसाव्या शतकातच होत्या. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली. तिने कामगारवस्तीत रात्रीचे वर्ग चालवले, आणि त्यासोबत वाचनालयंही. पुस्तकांच्या पेट्या वस्तीत फिरवायच्या अशी फिरती वाचनालयं. हे 'सोबत'चं काम लक्षात ठेवा, पुढे त्याची आठवण काढायची आहे. मग १९३७ मध्ये बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं आणि १९३९ साली मुंबई शहरात साक्षरतेची मोठी मोहीम निघाली. तिच्यातून प्रौढ शिक्षणासाठी शहराची एक समिती उभी राहिली. मंत्रिमंडळाने त्याच वर्षी युद्धाच्या प्रश्नावर राजीनामा दिला, पण समिती टिकली. स्वातंत्र्यानंतर 'समाजशिक्षण' हा शब्द आला तसं तिचं नाव बदललं, वर्ग मात्र चालूच राहिले, मराठीबरोबर शहरातल्या इतर भाषांतही. मोहिमा मंत्र्यांबरोबर जातात आणि कंटाळवाण्या वाटणाऱ्या समित्या मागे उरतात, हे मला मंडळाच्या लांबलेल्या बैठकांमध्ये बरेचदा आठवतं.

सगळ्यात मोठी, आणि सगळ्यात मराठी म्हणावी अशी लाट उठली ती साताऱ्यात.

१९५९ साल. ९ मे रोजी कर्मवीर भाऊराव पाटील गेले. त्यांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली होती आणि चाळीस वर्षांत सातारा जिल्ह्याला शिक्षणाचं वेड लावलं होतं. त्याच वर्षी, त्याच जिल्ह्यात 'ग्राम शिक्षण मोहीम' सुरू झाली. कल्पना साधी होती. एकेका माणसाला शिकवत बसायचं नाही, अख्खं गाव घ्यायचं. गावातल्या १४ ते ५० वयाच्या प्रत्येकाला काही महिन्यांत लिहिता-वाचता आलं पाहिजे. शिकवणार कोण? प्राथमिक शिक्षक, शिकलेली पोरं, गावातलाच कुणी. पगार नाही. जागा म्हणजे शाळा, देऊळ, कुणाची तरी ओसरी. सरकारी खर्च जवळजवळ शून्य.

आणि शेवटी ग्रामगौरव समारंभ. गाव साक्षर झालं की सगळं गाव सजवायचं, पाहुणे बोलवायचे, गावदेवासमोर शपथ घ्यायची. मला या कल्पनेचं फार कौतुक वाटतं, कारण तिने लाजेची जागाच बदलली. एकटी निरक्षर बाई वर्गात जाते तेव्हा लाज तिची असते. अख्ख्या गावाची यात्राच असली की न जाणाऱ्याला लाज वाटते. आपल्या गावाचं नाव मागे राहतंय ही टोचणी कुठल्याही सरकारी परिपत्रकापेक्षा जास्त काम करते, हे साताऱ्यात ज्याने कुणी ओळखलं तो माणूस हुशार होता. शेजारच्या गावाचा समारंभ झाला आणि आपला नाही, हे कोण सहन करेल? पुढच्या काही वर्षांत मोहीम राज्याच्या इतर जिल्ह्यांतही गेली. देशभर तिचं नाव झालं.

मग ओसरली. मोहिमेचा अभ्यास करणाऱ्यांनी कारण सांगितलं ते एकच, आणि ते सांगायला फार मोठी विद्वत्ता लागत नाही. समारंभानंतर काही नव्हतं. चार महिन्यांत जेमतेम जुळवलेली अक्षरं टिकायला वाचायला काहीतरी लागतं. साठच्या दशकातल्या खेड्यातल्या बाईच्या घरात वाचायला काय होतं? पंचांग, फार तर पोथी, तीही जड भाषेतली. वर्तमानपत्र चावडीवर, जिथे तिने जायचं नाही. पत्र यायचं मुंबईहून वर्षातून चारदा, आणि ते वाचून दाखवायला शाळेतला पोरगा होताच. शिकलेलं विसरणं हा तिचा दोष नव्हता. सोशल सर्व्हिस लीगच्या त्या पुस्तकांच्या पेट्या आठवा. गावाला शपथ मिळाली, पेटी मिळाली नाही. फिरत्या वाचनालयाची गोष्ट योजनेत होती, पण ज्या जोराने वर्ग चालले त्या जोराने पुस्तकं फिरली नाहीत.

आमच्या वर्गात ऐंशीच्या घरातल्या एक आजी येतात. माहेर, सासर दोन्ही साताऱ्याकडचं. नाव नोंदवताना 'पूर्वी शिक्षण?' या रकान्यात काय लिहू म्हणून मी विचारलं, तर म्हणाल्या, "शिकल्ये की मी. गावात रातचा वर्ग व्हता. सही बी यायची मला. मग कशाला लागलीच न्हाई, गेली." जसं एखादं भांडं हरवावं तसं त्या 'गेली' म्हणाल्या. माझ्या फॉर्ममध्ये 'साक्षर' आणि 'निरक्षर' असे दोनच पर्याय होते. 'होती, गेली' असा तिसरा नव्हता. सरकारच्या कुठल्यातरी जुन्या अहवालात या आजी एकदा साक्षर म्हणून मोजल्या गेल्या असणार. आता आम्ही त्यांना दुसऱ्यांदा मोजणार.

साताऱ्याची माणसं कोपरखैरण्यात कशी, हा प्रश्न नवी मुंबईबाहेरच्यांनाच पडेल. मुंबईच्या बंदरात आणि बाजारांत पाठीवर ओझी वाहणारे माथाडी मोठ्या संख्येने सातारा, सांगली, पुणे भागातले. त्यांना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील साताऱ्याच्या पाटण तालुक्यातले. १९६९ चा माथाडी कायदा आला त्याआधी मजुरी मुकादमाच्या हातून यायची, आणि मुकादम सांगेल तो हिशेब. कायद्याने मंडळं आली, नोंद आली, मजुरी मंडळामार्फत मिळू लागली. म्हणजे हिशेब कागदावर आला. पुढे मुंबईतले घाऊक बाजार खाडी ओलांडून वाशी-तुर्भ्याला हलले, तसे माथाडीही इकडे आले. कोपरखैरणे, घणसोलीत त्यांच्या वसाहती झाल्या. आमच्या वर्गातल्या निम्म्या बायका याच घरांतल्या.

उरलेल्या अर्ध्यांत इथल्या मूळच्या आगरी-कोळी घरांतल्या बायका आहेत. त्यांना कागदाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर आखलं गेलं. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई आणि दास्तान फाट्यावर आंदोलन झालं, गोळीबारात पाच माणसं गेली, आणि त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. तेव्हापासून प्रत्येक गावठाणात वारसदाखले, संमतीपत्रं, करारनामे यांचे गठ्ठे आहेत. वर्गातल्या एक मावशी सरळ म्हणाल्या, "दादा, मला गोष्टी-बिष्टी वाचायच्या नाहीत. भावांनी कुठल्या कागदावर अंगठा घेतला ते मला बघायचंय." सुप्याच्या बाजारातल्या माणसांना नेमकं हेच बघायचं होतं. त्यांना बघता येईना, म्हणून त्यांनी जाळलं.

पुन्हा लाटांकडे. २ ऑक्टोबर १९७८ ला जनता सरकारने राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू केला. पाच वर्षांत १५ ते ३५ वयाचे दहा कोटी लोक शिकवायचे होते. तीस जणांचा वर्ग, शिकवणाऱ्याला महिना पन्नास रुपये. सरकार गेलं, १९८० मध्ये फेरआढावा आला, वेग गेला. ५ मे १९८८ ला राष्ट्रीय साक्षरता मिशन आलं. केरळातला एर्नाकुलम जिल्हा फेब्रुवारी १९९० मध्ये पूर्ण साक्षर म्हणून जाहीर झाला आणि मग जिल्ह्यामागून जिल्हे या वाटेने निघाले. आपल्याकडे सिंधुदुर्ग आणि वर्धा पुढे होते. आपल्या आई-वडिलांच्या पिढीला त्या कलापथकांची आणि भिंतींवरच्या घोषणांची आठवण असेल.

या मिशनने एक गोष्ट केली जी मला, इंजिनिअर म्हणून, मनापासून आवडते. साक्षर कोण हे त्यांनी मोजता येईल अशा शब्दांत लिहून काढलं. सोपा मजकूर मिनिटाला तीस शब्द या गतीने मोठ्याने वाचता यावा, मनात वाचताना पस्तीस. बघून लिहिताना मिनिटाला सात शब्द, कुणी सांगेल ते लिहिताना पाच. शंभरपर्यंत आकडे, तीन अंकी बेरीज-वजाबाकी. तीन पुस्तिका, प्रत्येकीत तीन चाचण्या, साधारण दोनशे तासांचा अभ्यास. मिनिटाला पाच शब्द लिहिणं म्हणजे किती हळू, हे कधी करून बघा. दर शब्दाला बारा सेकंद. पण तेवढं आलं तर माणूस निरोप लिहू शकतो. नुसत्या सहीपेक्षा ही पायरी फार वरची आहे.

निकष चांगला होता, पण तो तपासला जायचा शिकण्याच्या शेवटी, एकदाच. आणि जिल्हा ठरल्या तारखेला 'पूर्ण साक्षर' जाहीर करायचा असला की तपासणारा, शिकवणारा आणि जाहीर करणारा एकाच घाईत असतो. १९९४ मध्ये अरुण घोष यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञगटाने मोहिमांचं यश मान्य करतानाच आकड्यांच्या फुगवट्याबद्दल आणि शिकलेलं पुसलं जाण्याबद्दल बजावलं. महाराष्ट्रात याचं सगळ्यात तिखट चित्र मात्र कुठल्या अहवालात नाही, कादंबरीत आहे. रमेश इंगळे उत्रादकर यांची 'निशाणी डावा अंगठा'. जिल्हा परिषदेच्या शाळेतले मास्तर साक्षरता अभियान कसं कागदावर पार पाडतात त्याची गोष्ट. वाचली नसेल तर वाचा. हसता हसता ठसका लागतो. आमच्या बाई स्वतः त्या काळात वर्ग घेत होत्या. त्यांना हे पुस्तक आवडत नाही, कारण त्यांनी खरोखर शिकवलं होतं. त्यांचंही बरोबर आहे.

२००९ चं साक्षर भारत आलं ते स्त्री-साक्षरता कमी असलेल्या जिल्ह्यांसाठी. जिल्ह्याच्या सरासरीने पाहिलं की मुंबई-ठाणे छान दिसतात, आणि त्या सरासरीखाली तुर्भ्याच्या खाणीतली, नाक्यावरची, घरकाम करणारी बाई दिसेनाशी होते. आता २०२२ ते २०२७ चा नवभारत साक्षरता कार्यक्रम चालू आहे, म्हणजेच 'उल्लास'. पाच कोटींचं उद्दिष्ट, १५ वर्षांवरचं कोणीही, शिकवणारे स्वयंसेवक बिनपगारी. शेवटी १५० गुणांची परीक्षा, वाचन, लेखन आणि संख्याज्ञानाला प्रत्येकी ५०. महाराष्ट्रात ती १७ मार्च २०२४ ला झाली, तेव्हा शाळेच्या बाकांवर बसलेल्या आज्यांचे फोटो तुम्हीही बघितले असतील. परीक्षा हवीच. माझी तक्रार एवढीच की ती एकदाच होते.

आमच्या मंडळात यावरून वाद झाला. मी म्हटलं, ॲप किती जणांनी डाऊनलोड केलं हे कुणीही फुशारकीने सांगतो, महिन्याभराने किती जण ते उघडतात हा खरा आकडा असतो. आपण वर्ग संपल्यावर सहा महिन्यांनी आणि वर्षाने त्याच बायकांना पुन्हा बोलवू, एक परिच्छेद वाचायला देऊ, आणि तोच आकडा अहवालात छापू. काका म्हणाले, "आकडा निम्म्यावर येईल. दुसऱ्या संस्था पूर्ण आकडा दाखवणार, आपण निम्मा. देणगी कुणाला मिळेल?" त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. देणगी थांबली तर समाजमंदिराचं भाडं कुठून येणार? बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "बायकांना पुन्हा परीक्षेला बोलावशील तर त्या येणार नाहीत. वाचायला बोलव." तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला जे एका वाक्यात कळतं ते मला तीन वर्षांच्या एक्सेलमध्ये दिसलं नव्हतं.

वाचायला काय बोलवायचं याचं उत्तर शोधताना आम्ही मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावाबद्दल खूप बोललो. आमच्या ठाणे जिल्ह्यातलंच ते. तिथे ८ मार्च २०१६ ला योगेंद्र बांगर या जिल्हा परिषद शिक्षकांच्या पुढाकाराने आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी साडीचा गणवेश, पाठीवर दप्तर, साठी ते नव्वदीतल्या विद्यार्थिनी, दुपारी कामं उरकल्यावर दोन तास. गुलाबी साड्यांचे फोटो जगभर गेले आणि त्यामुळे काही जण नाकही मुरडतात. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या आज्यांना पोथी वाचायची होती. हे कारण त्यांचं स्वतःचं होतं आणि परीक्षेने संपणारं नव्हतं. पोथी रोज असते. साताऱ्याच्या समारंभात गावाचा गौरव होता, पण दुसऱ्या दिवशी सकाळी वाचायचं काय हे ठरलेलं नव्हतं. फांगण्यात ते आधी ठरलं होतं.

मग कोपरखैरण्यातल्या बाईच्या घरात रोज काय येतं? कागद मोजले तर पूर्वीपेक्षा कमीच. फोन आला. नवऱ्याचा निरोप आवाजात येतो, पैसे चौकोन स्कॅन करून जातात, नातवाला व्हिडिओ कॉल चित्रावर बोट ठेवून लागतो. आणि अंगठा परत आला! देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० ला महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला. आता रेशन दुकानात अंगठा लावायचा, सिमकार्डाला अंगठा लावायचा. बँकेच्या माणसाच्या छोट्या मशीनवर अंगठा लावला की पैसे निघतात. जिने सही शिकण्यासाठी वर्षभर वही गिरवली तिला मशीन म्हणतं, सही नको, अंगठा दे. डॉक्टर, वकील, मी, सगळेच अंगठा देतो, त्यामुळे त्यात पूर्वीची नामुष्की उरलेली नाही, हे चांगलंच झालं. पण सहीसाठी वर्गात येण्याचं जे जुनं कारण होतं तेही त्याबरोबर गेलं. आमच्याकडे गेल्या दोन वर्षांत 'सही शिकायची' म्हणून येणाऱ्या बायका कमी झाल्या आणि 'मेसेज काय आलाय ते कळायला पाहिजे' म्हणून येणाऱ्या वाढल्या. वीज कापली जाईल अशी धमकी देणारा खोटा मेसेज आणि बँकेचा खरा मेसेज यांतला फरक आवाजात ऐकून कळत नाही.

रेशनच्या मशीनमधून अंगठ्यानंतर एक पावती निघते. कार्ड क्रमांक, माणसं किती, गहू किती किलो, तांदूळ किती किलो. अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो, अंत्योदय कार्डाला महिन्याला पस्तीस. बहुतेक बायका ती पावती दुकानातच टाकून येत होत्या. गेल्या दिवाळीपासून बाईंनी सगळ्यांना ती आणायला सांगितली आहे. पहिल्या महिन्यात तिघींनी आणली, शाई इतकी फिकट होती की मलाही वाचता येईना. आता पिशवीभर जमल्या आहेत. शनिवारी वर्गात त्या वाटतो, ज्या बायका वर्ग पूर्ण करून गेल्या त्यांनाही बोलावतो, आणि त्या येतात. माणसं गुणिले पाच, बेरीज, आणि पावतीवरचा आकडा. मिनिटाला तीस शब्दांचा वेग मी एका बाजूला बसून मोजतो, त्यांना न सांगता.

मागच्या शनिवारी सातारच्या त्या आजींनी चष्मा सावरत आपल्या सुनेची पावती वाचली. एकेक अक्षर बोटाने सरकवत. कार्डावर माणसं पाच आणि धान्य वीस किलो. त्यांनी दोनदा मोजलं, मग माझ्याकडे बघितलं. "पाचांचे पंचवीस की रं." दुकानदाराला विचारायला त्या स्वतः जाणार आहेत, सून नको म्हणते. काकांनी त्यांना पावतीचा फोटो काढून ठेवायला सांगितलं आहे, कारण शाई उडते.